काउंटरमावशीला न दिसणारे फोटो

"काय गोड दिसते हो तुमची लेक त्या निळ्या कोटात," असं म्हणत केकवालीनं क्रीमनं माखलेले ॲप्रन लॉन्ड्रीच्या काउंटरवर टाकले.

काउंटरमावशीनं एक ॲप्रन उचलला, झटकला, आणि तिचा हात हवेतच राहिला. कुठला निळा कोट?

"हो ना," ती म्हणाली. "निळा रंग लहानपणापासून खुलतो तिला."

"आणि कॉलरला ते सोनेरी काय आहे? बढती मिळाली का?"

"मिळाली असेल. म्हणजे, मिळालीच."

केकवाली आपल्या दुकानात गेली. मावशीनं ॲप्रनच्या ढिगाखालून फोन ओढला, डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि लेकीचं पान उघडलं. तिथे तोच जुना फोटो. लेक खिडकीपाशी उभी, केस मोकळे, अंगात पिवळा स्वेटर. तो स्वेटर मावशीनंच धुऊन, घडी घालून बॅगेत भरला होता. त्याखाली काही नाही. तिनं बोट वर सरकवलं, खाली सरकवलं, फोन बंद करून पुन्हा लावला. पिवळा स्वेटर. निळ्या कोटाचा पत्ता नाही.

"नेट गेलं असेल," ती स्वतःशीच पुटपुटली. पण त्याच फोनवर केकवालीनं सकाळी टाकलेला तीन मजली केक लख्ख दिसत होता, वरच्या साखरेच्या बदकासकट.

गेले कित्येक आठवडे मावशी हाच स्वेटर बघत होती. पोरीला कामातून सवड मिळत नसेल, फोटो काढायला कुणी नसेल, जुने तिनं काढून टाकले असतील, अशी स्वतःची समजूत घालत होती. आणि इथे केकवालीला कोट दिसतो, कोटाची कॉलर दिसते, कॉलरवरचं सोनंसुद्धा दिसतं.

मावशीचं खरं नाव पगाराच्या दिवशी मालकाला तेवढं लागायचं, आणि तेही तो दर वेळी चुकवायचा. बाकी सगळ्या रस्त्यासाठी ती काउंटरमावशी. त्या खुर्चीवर इतकी वर्षं बसली होती की गादीला तिचा आकार आला होता. दुसरं कुणी टेकलं की खुर्ची कुरकुर करायची. नवरा लेकीला पाय फुटायच्या आत वारला. तेव्हापासून हे काउंटर, मागची वाफेनं भरलेली खोली आणि वर राहायची एक खोली, एवढंच तिचं जग. लेक याच दुकानात वाढली. लांब कोट टांगायचा जो दांडा होता, त्याच्या मागे भिंतीला लागून एक स्टूल असे. पोरीचा अभ्यास तिथे, डुलकी तिथे आणि रुसवाही तिथेच. रुसली की कोटांच्या मागून नुसते बूट दिसायचे. बूट हलायला लागले की मावशीनं ओळखायचं, राग उतरतोय.

कामात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं असं नाही, पण दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवण्यात नव्हतं. कपडा घ्यायचा, खिसे उलटे करायचे, डाग हुडकायचा, आणि बोटभर कापडी पट्टीवर काय ते लिहून ती आतल्या शिवणीला पिनेनं टाचायची. 'कॉफी, डावी बाही.' 'शाई, जुनी, एकदा घासलेली.' ही पट्टी मागच्या खोलीत धुणाऱ्यानं वाचायची आणि डाग गेला की काढून फेकून द्यायची. गिऱ्हाइकाच्या हातात कपडा जायचा तेव्हा डाग नसायचा, पट्टी नसायची, आणि मावशीच्या चेहऱ्यावर काही कळल्याची रेघही नसायची.

खिशातून तर काय काय निघे. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या खिशात नाटकाची दोन तिकिटं. दारू सोडलेल्याच्या खिशात बाटलीचं बूच. बायकोचं नसलेलं कानातलं. मावशी ते कागदी पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायची आणि कपड्याच्या घडीखाली सरकवून म्हणायची, "तुमचं राहिलं होतं." गिऱ्हाईक लाजून लाल झालं की पुढचं वाक्य ठरलेलं, "मला काही दिसलं नाही." डाग अवघड जागी असेल तर ती कपडा डाग आत घेऊन दुमडायची, मान पुढे करायची आणि हळूच विचारायची, "कशाचा आहे एवढंच सांगा, म्हणजे निघेल." शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असेल तर तेवढंही नाही.

अशा बाईची लेक आता दुसऱ्या शहरात एका मोठ्या हॉटेलच्या दर्शनी काउंटरवर उभी राहायची, येणाऱ्या पाहुण्यांचं हसून स्वागत करायला. आईसारखीच काउंटरवाली. फक्त तिचं काउंटर दगडी, आरशासारखं, आणि बसायला खुर्ची नाही. मावशीला त्या खुर्चीचंच जास्त वाईट वाटायचं. जाताना लेकीनं आईला हा फोन घेऊन दिला, त्यात ते फोटोंचं ॲप घातलं, दोघींची ओळख जोडून दिली आणि म्हणाली, "आता मी रोज दिसेन तुला."

दिसलीही. बरेच दिवस दिसली. आणि मग पिवळ्या स्वेटरमध्ये अडकून पडली.

त्या दिवशी मावशीनं शोधायचं म्हणून काय काय केलं. वरच्या भिंगाच्या खुणेवर बोट ठेवून लेकीचं नाव लिहिलं, तर त्याच नावाच्या बायकांची जत्रा भरली. एक दातांची डॉक्टर, एक नवरी, एक खांद्यावर पोपट घेतलेली. आपली कुठेच नाही. मग हॉटेलचं नाव टाकलं. तिथे पलंग दिसले, चादरी दिसल्या, एका उशीच्या अभ्र्यावर तर पिवळा डागही दिसला, पण लेक नाही. शेवटी तिनं नुसतं 'निळा कोट' असं लिहिलं. फोनला वाटलं बाईला कोट घ्यायचा आहे. तेव्हापासून जे उघडावं त्यात निळे कोट. लांब, आखूड, बटणांचे, टोपीचे.

कामातलं लक्ष उडालं ते उडालंच. वकिलाची पँट तिनं मास्तरांना दिली. मास्तर चांगले दारापर्यंत घेऊन गेले होते. एका कोटाची पट्टी तिनं आतल्या शिवणीऐवजी बाहेर, छातीवर टाचली. इस्त्रीवाल्या काकांनी तो कोट हँगरला लावून तिच्यासमोर धरला.

"मावशी, हे काय? बक्षीस मिळालंय का याला?"

मावशीनं पट्टी ओरबाडून काढली. भर दुकानात छातीवर लिहिलेलं, 'उलटी, पुसलेली.' बरं तर बरं, कोटाचा मालक समोर नव्हता.

"आज डोकं धुवायला टाकलंय का तुम्ही?" काकांनी विचारलं.

"टाकलंय. तुम्ही इस्त्री नीट करा म्हणजे झालं."

दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर तिला बसवेना. उठली, दांड्यावरचे कोट उगीच पुढे-मागे केले, पुन्हा बसली. विचारायचं तर सरळ लेकीलाच विचारावं. पण काय विचारायचं? तुझा कोट केकवालीला दिसतो, मला का दिसत नाही? हे बोलायला तोंड उघडायचं म्हणजे उत्तर ऐकायचीही तयारी हवी. ती नव्हती. तिनं काकांना काउंटरवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि समोरच्या मोबाइलवाल्याकडे गेली.

मोबाइलवाला डोळ्याला भिंग लावून एका फोनची आतडी बाहेर काढून बसला होता. टक्कल पडलेला, तोंडाचा फटकळ, पण कामाला पक्का.

"काय मावशी, पाण्यात पडला?"

"पडला नाही. मुलीचे फोटो दिसत नाहीत. बिघडलाय."

त्यानं फोन घेतला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि भिंग डोळ्यावरून वर केलं. "फोन ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काय? तिनं तुम्हाला दारात उभं केलंय."

"म्हणजे रे?"

"म्हणजे ओळखीतून काढलेलं नाही. तोंडावर दार लावलेलं नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला तिच्या पानावर जेवढं दिसतं, तेवढंच तुम्हाला दिसतं. आतल्या खोल्या फक्त आतल्या माणसांना. यात अशी सोय असते मावशी. कुठली पोस्ट कुणी बघायची आणि कुणी नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं."

"चुकून झालं असेल."

मोबाइलवाल्यानं पुन्हा भिंग डोळ्यावर ओढलं. "चुकून होत नाही ते," तो फोनच्या आतड्यांकडे बघत म्हणाला. "शोधून शोधून करावं लागतं."

मावशी तिथून निघाली ती दुकानात गेलीच नाही. सरळ केकवालीकडे. केकवाली एका केकवर गुलाब काढत होती.

"तुझा फोन दे जरा."

"हात बघा माझे. तिथे पिठाच्या डब्यावर आहे, घ्या. काय झालं?"

"निळा कोट बघायचाय. माझ्या फोनवर लहान दिसतो."

केकवालीनं तिच्याकडे एक नजर टाकली. एका बोटावरचं क्रीम चाटून पान उघडून दिलं.

आणि तिथे सगळं होतं. निळा कोट, सोनेरी बिल्ला, मागे दगडी काउंटर. बिल्ल्यावर काहीतरी मोठं पद. शेजारी नव्या मुला-मुलींची रांग, लेक त्यांना काहीतरी शिकवतेय. मावशीनं डोळे भरून पाहिलं. कोट खांद्यावर अगदी बरोबर बसला होता. लायनिंग चांगलं असणार. मग बोट सरकवत ती मागे मागे गेली. पावसातला फोटो, वाढदिवसाचा फोटो, पांढऱ्या शर्टातला फोटो. तो पांढरा शर्ट तिला आठवत होता. त्याच्याखाली तिनं काहीतरी लिहिलंही होतं.

ते तिथे होतं. केकवालीच्या फोनवर. मावशीच्या नावानं, मावशीच्या फोटोसकट.

'उजव्या बाहीवर चहा आहे. कॉलर आतून मळली आहे. असा शर्ट घालून लोकांसमोर उभी राहू नकोस.'

"हे तुझ्या फोनवर कसं आलं?" मावशीनं विचारलं.

"काय?"

"हे मी तिला लिहिलं होतं. तिला."

"तिच्या फोटोखाली लिहिलंत ना? मग ते सगळ्यांनाच दिसतं. मी तर त्याला अंगठा दिला होता. हसू आलं मला. म्हटलं, मावशींच्या नजरेतून काही सुटत नाही."

मावशी पिठाच्या डब्यावर बसली. डबा वाजला, पण तिला ऐकू आलं नाही.

तिला वाटलं होतं फोटोखालची ती जागा म्हणजे आतली शिवण. तिथे काय ते लिहून टाचायचं, ज्याचं त्यानं वाचायचं, डाग काढायचा, विषय संपला. जन्मभर तिनं हेच केलं होतं. दुसरं कुणी वाचत असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं, इतरांनी लिहिलेलं तिनं कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. आता ती एकेक फोटो उघडायला लागली आणि प्रत्येकाच्या छातीवर तिची पट्टी लटकलेली. 'काखेत पिवळा पडलाय, हा शर्ट टाकून दे.' 'लिपस्टिक दाताला लागली आहे.' 'स्कर्टची शिवण मागून उसवली आहे, कुणाकडे पाठ करू नकोस.' आणि त्या शेवटच्याच्या खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ, आणि हॉटेलातल्याच कुणा नव्या पोराचं वाक्य, 'मॅडम, आजची तपासणी झाली का? पाठ करू नका हं.'

ज्यांना लेक शिकवत होती, ती ही पोरं.

"हे पुसायचं कसं?" मावशीनं विचारलं. तिचं बोट काचेवर घासत होतं, जसं काही ते घासून निघणार होतं.

"माझ्या फोनवरून नाही पुसता येणार. तुम्ही लिहिलंय, तुमच्या फोनवरून पुसा."

"माझ्या फोनवर हा फोटोच दिसत नाही."

केकवालीचा हात थांबला. गुलाबाची एक पाकळी जरा जास्तच मोठी झाली. "दिसत नाही?"

"नाही."

"मग अवघड आहे," केकवाली म्हणाली. तिनं ती पाकळी खरवडली आणि नवी काढायला घेतली.

म्हणजे असं झालं होतं. तिनं लिहिलेलं लेकीच्या साऱ्या ओळखीच्यांना दिसत होतं, केकवालीला, हॉटेलातल्या पोरांना, सगळ्यांना. फक्त जिनं लिहिलं तिला दिसत नव्हतं, म्हणून तिला ते काढताही येत नव्हतं. आत जायला लेकीनं दार उघडायला हवं, आणि लेकीनं दार लावलं होतं ते याच्याचसाठी.

संध्याकाळपर्यंत मावशी पिंजऱ्यातल्या जनावरासारखी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिली. दुमडलेले कपडे उलगडून पुन्हा दुमडले. पिनांची डबी सांडली. लेकीला फोन लावला.

"आई, ड्युटीवर आहे. काही झालंय का?"

"काही नाही. थंडी आहे का तिकडे?"

"आहे थोडी."

"बरं."

"ठेवू?"

"ठेव."

कोटाबद्दल तोंडातून शब्द निघाला नाही. अभिनंदनसुद्धा नाही. कसं करणार? तो कोट तिनं चोरून पाहिला होता.

"बोलून टाका की," इस्त्रीवाले काका वाफेतून म्हणाले. त्यांना नेमकं काय झालंय ते माहीत नव्हतं, पण बाईचे पाय ठरत नाहीत एवढं दिसत होतं. "परक्या माणसाचा डाग बरा काढता. स्वतःच्या वेळी पिनांशी कसल्या खेळताय?"

"तुम्ही तुमच्या कॉलरी बघा."

पण बोलणं लागलं. ती कोटांच्या दांड्यामागे गेली, जुन्या स्टुलावर बसली आणि लेकीला मेसेज लिहायला घेतला. लिहिलं, पुसलं. 'मी तुझी आई आहे' असं सुरू केलं, ते तर लगेच पुसलं. त्यात नवीन काय सांगायचं? शेवटी जे उरलं ते असं होतं.

'तुझ्या कपड्यांबद्दल मी सगळ्यांसमोर बोलत होते ते मला आज कळलं. मला वाटलं तुलाच दिसतं. काउंटरवर मी कुणा परक्यालाही असं बोलले नसते. मला ते काढता येत नाही कारण मला दिसत नाही. तू काढून टाक. मला परत दाखव असं म्हणत नाही.'

शेवटचं वाक्य साफ खोटं होतं. ते तिनं तसंच ठेवलं.

पाठवलं आणि लगेच धास्ती बसली. हेही सगळ्यांना गेलं असेल तर? ती कोटांमागून बाहेर आली.

"काका, तुमच्या फोनवर माझं काही आलं का?"

"काय यायला पाहिजे?"

"काही नाही. बघा तर."

काकांनी हात पुसून फोन काढला. "काही नाही बुवा."

"बरं झालं." मग रस्ता ओलांडून केकवालीकडे. "तुझ्याकडे काही दिसतंय का माझं?"

"नाही हो."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. नाही." केकवाली हसली. "न दिसण्यासाठी एवढी धावपळ करणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

उत्तर आलं नाही. मेसेज वाचल्याची खूण तेवढी आली. मावशीनं फोन उलटा ठेवला, सुलटा केला, गल्ल्यात टाकला, गल्ल्यातून काढला. लेक वाचून गप्प बसलीय. म्हणजे कोटांमागे बूट हलत नाहीयेत.

दुसऱ्या दिवशीही असंच. एका नव्या गिऱ्हाइकानं शर्टावरचा डाग दाखवून मोठ्यानं विचारलं, "बाई, हा निघेल का?" तर मावशीनं त्यालाच दटावलं. "हळू बोला. डाग तुमचा आहे, सगळ्या दुकानाचा नाही." तो माणूस ओशाळून शर्ट ठेवून गेला. काकांनी इस्त्री थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा इस्त्री सुरू केली.

त्यानंतर कधीतरी, दुपारची सामसूम असताना, फोन वाजला. लेकीचा मेसेज.

'मी नाही काढणार. तू लिहिलंस, तू काढ. आता दिसेल तुला.'

मावशीनं पान उघडलं. पिवळा स्वेटर होता, पण त्याच्या वर निळा कोट होता, त्याच्या खाली पाऊस होता, वाढदिवस होता, पांढरा शर्ट होता. सगळ्या खोल्या उघड्या. तिला वाटलं आधी नुसतं बघत बसावं. पण हात थांबेनात. तिनं मोबाइलवाल्याला हाक मारून पुसायचं कसं ते एकदा दाखवून घेतलं, आणि लागली कामाला.

एकेक फोटो शोधायचा, त्याखाली आपलं नाव शोधायचं, बोट दाबून धरायचं, पुसायचं. काही फोटोंखाली इतक्या लोकांनी लिहिलेलं असे की स्वतःला शोधतानाच दम लागे. चहा गेला. कॉलर गेली. उसवलेली शिवण गेली, आणि तिच्यापाठोपाठ त्या पोराचं 'पाठ करू नका'ही गेलं, कारण ते तिच्याच वाक्याला लटकलेलं होतं. तिला तेव्हा पहिल्यांदा जरा मोकळा श्वास आला. मोबाइलवाला शेजारी उभा राहून बघत होता.

"हे राहू द्या ना," तो एका ठिकाणी म्हणाला. "यात काय वाईट आहे? 'डोळे ओढलेले दिसतात, जेवलीस का' एवढंच तर आहे."

"तेही लोकांसमोर कशाला?" मावशी म्हणाली आणि तेही पुसलं.

संध्याकाळी लेकीचा मेसेज आला. 'जेवलीस का तेवढं ठेवायचं होतंस.' मावशीनं तो दोन-तीनदा वाचला. मग तिनं लिहिलं, 'जेवलीस का?' आणि लेकीनं लिहिलं, 'हो.'

एवढ्यानं मावशीचा जीव थाऱ्यावर आला असं मात्र नाही. उघडलेलं दार पुन्हा लागू शकतं हे ज्याला एकदा कळलं, तो उंबऱ्यावर पायसुद्धा बेतानं ठेवतो. ती आता लेकीचे फोटो बघताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. बोट चळायला नको. नवीन फोटो आला की नुसता अंगठा, फार तर 'छान'. 'छान' पाठवण्याआधीही काकांना दाखवायची. "यात काही वावगं नाही ना?"

"छानमध्ये काय वावगं असणार, मावशी?"

"तुम्ही सांगा नुसतं. आहे की नाही?"

"नाही."

मग पाठवायची.

आणि एक दिवस तो फोटो आला. हॉटेलात कसलासा मोठा समारंभ झाला होता. लेक मधोमध, निळ्या कोटात, दोन्ही बाजूंना तिची शिकवलेली पोरं, सगळ्यांच्या हातात बशा. सगळे हसत होते. आणि कोटावर, छातीच्या खिशाच्या जरा वर, बोराएवढा गडद डाग.

मावशीनं चष्मा पुसला. डागच. कडा पसरलेल्या, मधे जास्त काळपट. तेलाचा. ताजा. आत्ताच्या आत्ता हाताळला तर निघेल, उद्यावर गेला की कापडात मुरेल, आणि कुणी शहाणपणानं पाणी चोळलं तर मग विचारायलाच नको. तिच्या बोटांना नुसत्या मुंग्या आल्या. तिनं फोन खाली ठेवला. उचलला. हात मांडीखाली घेतले. अंगठा दिला. 'छान' लिहिलं. पुढे आणखी काहीतरी लिहायला बोट गेलंच होतं, तेवढ्यात केकवाली आत आली.

"पाहिलात का फोटो? काय मस्त आलाय. तेवढा तो खिशावरचा—"

"काय खिशावरचा?"

"डाग हो. चांगला दिसतोय की."

"मला काही दिसलं नाही," मावशी म्हणाली. इतक्या सरळ चेहऱ्यानं की केकवालीनं स्वतःचा फोन काढून पुन्हा बघितलं.

'छान' गेलं. नुसतं छान. केकवाली ॲप्रन घेऊन गेली, काका मागे वाफ सोडत राहिले, आणि मावशी खुर्चीत बसून दाराकडे, मग फोनकडे, मग पुन्हा दाराकडे बघत राहिली. तिकडे डाग कापडात मुरतोय, आणि इथे आपण तोंडाला कुलूप घालून बसलोय. जन्मात कधी एखादा डाग बघून ती एवढा वेळ गप्प बसली नव्हती.

फोन वाजला. या वेळी फोटोखाली नाही, दोघींच्या मेसेजमध्ये. लेकीनं तोच फोटो पाठवला होता, पण कापून. चेहरा नाही, पोरं नाहीत. नुसता खिसा आणि त्यावरचा डाग.

'दिसला नाही का तुला?'

मावशीनं लिहिलं, 'काय?'

'आई.'

मावशीनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

'उद्या घालायचाय हा कोट.'

मावशी उठली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी तिनं एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग लांब कोटांची रांग हातानं बाजूला सारून ती मागच्या स्टुलावर जाऊन बसली, कोट पुन्हा जागेवर ओढले, आणि फोन अगदी नाकाशी धरून, भराभरा, एका बोटानं लिहिलं.

'पाणी लावलं नाहीस ना?'